कृष्णद्रव्य शोधणाऱ्या पिक्सेल डिटेक्टरवर पोस्टडॉक करायचे असल्यास : खानदेशातील विद्यार्थ्यांसाठी

कृष्णद्रव्याच्या (डार्क मॅटर, म्हणजे प्रकाश न देणारे, न दिसणारे द्रव्य) शोधात पोस्टडॉक म्हणून, म्हणजे पीएचडीनंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनपदावर, जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याची सहसा अशी समजूत असते की, विश्वरचनाशास्त्र आणि कणभौतिकी यांतले सिद्धांत जितके पक्के, तितकी निवडीची शक्यता अधिक. पिक्सेल डिटेक्टर, म्हणजे कॅमेऱ्याप्रमाणे सिलिकॉनच्या बारीक चौकटींत विद्युतभार मोजणारी उपकरणे, तयार करणाऱ्या गटांच्या बाबतीत ही समजूत अपुरी आहे. त्यांना हवा असतो तो सिलिकॉनमध्ये दिसलेला एकेक इलेक्ट्रॉन कोठून आला याचा हिशोब देऊ शकणारा माणूस. कारण कृष्णद्रव्याचा कण अजून कोणालाही निर्विवादपणे सापडलेला नाही, आणि रोजचे काम चालते ते कृष्णद्रव्य नसलेल्या गोष्टी ओळखून बाजूला काढण्याचे. हा हिशोब शिकण्यासाठी परदेशाची वाट पाहावी लागत नाही. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या एखाद्या महाविद्यालयात एमएस्सी करत असतानाच त्याची सुरुवात करता येते, आणि ज्याने ती केली त्याचा अर्ज पुढे वेगळा उठून दिसतो.

आधी आकडे

पार्श्वभूमी थोडक्यात पाहावी. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा दीर्घिकासमूहातील गतींवरून, आणि १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन व केंट फोर्ड यांनी दीर्घिकांच्या भ्रमणवेगावरून न दिसणाऱ्या द्रव्याचा पुरावा पुढे आणला. आजच्या मोजमापांनुसार विश्वातील एकूण द्रव्य-ऊर्जेत कृष्णद्रव्याचा वाटा सुमारे २७ टक्के आणि आपल्या ओळखीच्या द्रव्याचा सुमारे ५ टक्के आहे. एवढे बहुतेक सर्व पाठ्यपुस्तकांत मिळते. डिटेक्टरवर काम करणाऱ्याने त्यापुढचे गणित स्वतःच्या हाताने करून पाहावे.

आपल्या आसपासच्या कृष्णद्रव्याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या साधारण एक हजारांश, म्हणजे सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर धरला जातो. कणाचे वस्तुमान १ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट; ऊर्जेच्या या एककात कणांचे वस्तुमानही सांगतात) असेल, तर त्याची गतिज ऊर्जा केवळ अर्धा इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते, आणि सर्वांत वेगवान कणांचा वेग याच्या अडीचपट मानला तरी ती ३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासच राहते. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन मोकळा करण्यासाठी किमान १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. म्हणजे हा कण फार तर एखाद-दुसरा इलेक्ट्रॉन हलवू शकतो. संवेदनशील डिटेक्टर हवा असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय हवे असते, ते या दोन ओळींच्या गणितातून कळते, आणि मुलाखतीत हे गणित फळ्यावर मांडायला सांगितले जाण्याचा संभव मोठा असतो.

एक इलेक्ट्रॉन मोजणे

सीसीडी, म्हणजे प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन पिक्सेलमध्ये साठवून मोजणारी सिलिकॉनची चिप, हे उपकरण १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी शोधले व त्यासाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. दुर्बिणींसाठी वाढवलेले हे तंत्र कृष्णद्रव्याच्या शोधात आले, तेव्हा अडचण उभी राहिली ती वाचनातील गोंगाटाची, म्हणजेच नॉइजची. चांगल्या सीसीडीतही एका पिक्सेलचा विद्युतभार एकदा मोजला, तर दोन ते चार इलेक्ट्रॉनांची अनिश्चितता उरते. ज्याला एक इलेक्ट्रॉन पाहायचा आहे त्याच्या दृष्टीने ती फारच मोठी झाली.

स्किपर सीसीडी या सुधारित प्रकारात पिक्सेलमधला भार नष्ट न करता तो पुन्हा पुन्हा मोजता येतो. जळगावच्या सराफाने एकच मणी शंभर वेळा काट्यावर ठेवून सरासरी काढावी, तसे हे आहे. प्रत्येक वजनात थोडी चूक असते, पण सरासरीतली चूक वाचनांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. ही कल्पना १९९० पासून माहीत होती, तथापि २०१७ मध्ये ४००० वाचनांची सरासरी काढून ०.०६८ इलेक्ट्रॉनपर्यंत नॉइज खाली आणल्याचे दाखवण्यात आले, तेव्हा तिचे खरे सामर्थ्य दिसले. ४००० चे वर्गमूळ सुमारे ६३. एका वाचनातील चार इलेक्ट्रॉनांना त्याने भागून पाहावे.

येथे विद्यार्थ्याने थांबून असे विचारले पाहिजे की, कमी वाचने घेऊन नॉइज ०.२ इलेक्ट्रॉनवरच थांबवले, तर काय बिघडते? शून्य आणि एक यांच्यातली सीमारेषा अर्ध्या इलेक्ट्रॉनवर आखली, तर ०.२ च्या नॉइजमध्ये ती अडीच सिग्मावर (सिग्मा म्हणजे नॉइजचे प्रमाण विचलन) येते. सामान्य वितरणानुसार रिकाम्या पिक्सेलपैकी सुमारे ०.६ टक्के पिक्सेल ती चुकून ओलांडतात, आणि दहा लाख पिक्सेलच्या चित्रात असे सहा हजारांवर खोटे इलेक्ट्रॉन दिसतात. नॉइज ०.१४ असेल तर ही संख्या पावणेदोनशेच्या घरात येते. ०.०७ ला ती व्यवहारात शून्य होते. मग सरसकट ४००० वाचने का घेऊ नयेत? एका वाचनाला १० मायक्रोसेकंद धरले तरी दहा लाख पिक्सेलना अकरा तास लागतात, आणि तेवढ्या वेळात उष्णतेमुळे व भटक्या प्रकाशामुळे नवे इलेक्ट्रॉन साचत राहतात. म्हणून प्रत्यक्ष प्रयोगांत काही शे वाचनांवरही तडजोड करतात. ही तडजोड ठरवणे हे पोस्टडॉकच्या कामाचे अगदी प्रातिनिधिक उदाहरण आहे, आणि ज्याला तिच्यात रस वाटत नाही त्याने हे क्षेत्र निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खोलीतला पहिला डिटेक्टर

स्किपर सीसीडी बाजारात मिळत नाही. पण रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा एचक्यू कॅमेरा मिळतो, आणि सरावासाठी तो पुरेसा आहे. त्यातल्या सोनी आयएमएक्स४७७ या सीमॉस संवेदकात सुमारे १.२३ कोटी पिक्सेल असून प्रत्येकाची बाजू १.५५ मायक्रोमीटर आहे. लेन्स काढून, संवेदकाला स्पर्श होऊ न देता, त्याचे तोंड अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलने आणि त्यावर काळ्या टेपने बंद करावे. केवळ प्लॅस्टिकच्या झाकणावर विसंबू नये. बरेच काळे प्लॅस्टिक अवरक्त किरणांना पारदर्शक असते. बोर्डावरचे एलईडीही बंद करावेत.

यानंतरच्या दोन सेटिंग फार महत्त्वाच्या आहेत. चित्र जेपीईजीमध्ये न घेता रॉ स्वरूपातच घ्यावे, कारण दाबलेल्या चित्रात पिक्सेलची मूळ किंमत शिल्लक राहत नाही. दुसरे म्हणजे, या संवेदकात सदोष पिक्सेल आपोआप दुरुस्त करणारी सोय मुळातच चालू असते. शेजाऱ्यांपेक्षा एकटाच उजळ दिसणारा पिक्सेल ती सदोष समजते आणि शेजाऱ्यांच्या किमतीने भरून टाकते. आपल्याला हवी असलेली घटना नेमकी तशीच दिसते. त्यामुळे ड्रायव्हरमधून ही सोय बंद केल्याशिवाय मोजणी सुरू करू नये.

पहिले मोजमाप कृष्णप्रवाहाचे, म्हणजे डार्क करंटचे (अंधारातही उष्णतेमुळे साचणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे) करावे, आणि त्यासाठी खानदेशाइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. सिलिकॉनमधला डार्क करंट तापमानाच्या दर सहा ते आठ अंशांच्या वाढीला साधारण दुप्पट होतो. जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांजवळ असतो आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे तो ४५ अंशांना टेकतो. ३५ अंशांच्या या फरकात पाच वेळा दुप्पट, म्हणजे जवळपास तीस पटींचा फरक दिसायला हवा. संवेदकाला तापमापक चिकटवून, एका मिनिटाच्या अंधाऱ्या फ्रेम वर्षभर अधूनमधून घ्याव्यात आणि डार्क करंटचा लॉगॅरिथम केल्व्हिनमधील तापमानाच्या व्यस्ताविरुद्ध आलेखावर मांडावा. आलेखाचा उतार काय सांगतो, आणि काही पिक्सेल त्या रेषेपासून का भरकटतात, यावर पानभर लिहून ठेवावे. खरे डिटेक्टर उणे १४० अंश सेल्सियसच्या आसपास का चालवतात, याचे उत्तर मग पाठ करावे लागत नाही.

(अतिशीत तापमानाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. गावाकडच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या कंटेनरमध्ये ठेवतात, त्यात उणे १९६ अंशांचे द्रवरूप नायट्रोजनच असते. मात्र बंद खोलीत किंवा बंद गाडीत ते बाष्प होऊन ऑक्सिजनची जागा घेते व माणूस काही कळण्याआधी बेशुद्ध पडू शकतो. म्हणून मार्गदर्शक शिक्षकाशिवाय त्याला हात लावू नये.)

दुसरे मोजमाप फोटॉन ट्रान्सफर कर्व्हचे. संगणकाला दिसतात ते निव्वळ आकडे. त्यांतला एक आकडा म्हणजे किती इलेक्ट्रॉन हे ठरवल्याशिवाय कोणताही निष्कर्ष निरर्थक ठरतो. पांढऱ्या कागदातून गाळलेला एलईडीचा सारखा प्रकाश संवेदकावर पाडावा, प्रत्येक प्रकाशकालासाठी दोन-दोन फ्रेम घ्याव्यात, त्यांची वजाबाकी करून प्रसरण (व्हेरियन्स) काढावे व ते निम्मे करावे. वजाबाकीमुळे पिक्सेलागणिक असलेला कायमचा फरक निघून जातो. प्रसरण आणि सरासरी यांच्या सरळ रेषेचा उतार म्हणजे एका इलेक्ट्रॉनमागे किती आकडे हे प्रमाण होय. प्रयोगशाळेत याच कामासाठी लोह-५५ या किरणोत्सारी स्रोताचे ५.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे क्ष-किरण वापरतात. असा एक क्ष-किरण सिलिकॉनमध्ये सुमारे १६०० इलेक्ट्रॉन निर्माण करतो. तसा स्रोत घरी ठेवता येत नाही आणि ठेवण्याचा प्रयत्नही करू नये.

पोटॅश आणि मीठ

किरणोत्सारी स्रोत हवाच असेल, तर रावेर-यावलच्या केळीबागांकडे पाहावे. केळीला दिले जाणारे म्युरेट ऑफ पोटॅश हे पोटॅशियमचे खत कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळते. नैसर्गिक पोटॅशियमच्या एका ग्रॅममध्ये पोटॅशियम-४० मुळे सेकंदाला सुमारे ३१ विघटने होतात; या खतात निम्म्याच्या आसपास पोटॅशियम असते, त्यामुळे त्याच्या एका ग्रॅमला १५ च्या जवळपास विघटने मिळतात. एका केळ्यातही सेकंदाला बारा-पंधरा विघटने होतातच. यात भीतीचे काही नाही, आपल्या शरीरातही हेच पोटॅशियम असते. पोटॅशियम-४० च्या दहापैकी जवळपास नऊ विघटनांत बीटा कण (वेगवान इलेक्ट्रॉन) बाहेर पडतो. त्याची ऊर्जा कमाल १.३१ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट असते आणि संवेदकावरची पातळ काच तो भेदू शकतो.

प्रयोगाची मांडणी साधी, पण शिस्तीची असावी. खत ओलावा धरते व धातू गंजवते, म्हणून ते पातळ प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून फॉइलला टेकवून ठेवावे. एका रात्री पोटॅश, दुसऱ्या रात्री तेवढ्याच वजनाचे साधे खाण्याचे मीठ आणि तिसऱ्या रात्री काहीच नाही, असा क्रम आलटून-पालटून चालवावा. मिठाची रात्र सर्वांत महत्त्वाची होय, कारण जवळ ठेवलेल्या पुडीमुळे तापमान किंवा प्रकाश बदलून आकडे बदलले की खरोखर पोटॅशियममुळे, हे तीच सांगते. वीज जाणार हे गृहीत धरून यूपीएस लावावा, आणि वीज गेल्या-आल्याच्या वेळा नोंदवून त्या आसपासच्या फ्रेम विश्लेषणातून वगळाव्यात. वगळण्याचा नियम मात्र निकाल पाहण्याआधी लिहून ठेवावा.

विश्लेषणासाठी पायथन ही प्रोग्रामिंग भाषा पुरेशी आहे. अनेक अंधाऱ्या फ्रेमचा मध्यक काढून तो प्रत्येक फ्रेममधून वजा करावा, सतत तापलेल्या पिक्सेलची यादी करून ते झाकावेत आणि उरलेल्यांपैकी पाच सिग्माच्या वरचे शेजारी-शेजारी पिक्सेल एकत्र करून त्यांचे पुंजके करावेत. पाच सिग्मा ऐकायला भक्कम वाटते, पण १.२३ कोटी पिक्सेलच्या प्रत्येक फ्रेममध्ये केवळ योगायोगानेही तीन-चार पिक्सेल ती मर्यादा ओलांडतील, आणि प्रत्यक्षातले नॉइज सामान्य वितरण तंतोतंत पाळत नसल्याने त्याहून जास्तच ओलांडतील. पुंजक्यांचे आकार पाहावेत. सरळ रेषा बहुधा आकाशातून येणाऱ्या म्युऑन या कणाची असते; समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमागे मिनिटाला सुमारे एक म्युऑन येतो, त्यामुळे एवढ्या लहान संवेदकावर त्यांची वाट पाहावी लागते. वाकडी, वेडीवाकडी रेघ इलेक्ट्रॉनची. एकटा ठिपका कशाचाही असू शकतो, आणि कृष्णद्रव्याची सारी लढाई त्या ठिपक्यावरच चालते. अखेरीस जिएंट४ हे सॉफ्टवेअर शिकून, काच व सिलिकॉन यांच्या जाडीसह हाच प्रयोग संगणकावर घडवावा आणि मोजलेल्या व अपेक्षित संख्येतला फरक समजावून सांगता येतो का ते पाहावे. या प्रयोगाचा वीस पानांचा अहवाल, कोड आणि मूळ चित्रांसह, कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा अधिक बोलतो.

पीएचडी कशावर करावी

पीएचडी कृष्णद्रव्यावरच असली पाहिजे असे नाही. सिलिकॉन डिटेक्टर, कमी नॉइजची इलेक्ट्रॉनिक्स, एफपीजीए (हव्या त्या कामासाठी आतली जोडणी बदलता येणारी चिप), क्रायोजेनिक्स (अतिशीत तापमानाचे तंत्र), खगोलशास्त्रीय कॅमेरे किंवा अत्यल्प किरणोत्साराचे मोजमाप यांपैकी कोणत्याही विषयातला माणूस या गटांना चालतो. भारतात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, कोलकात्याची साहा इन्स्टिट्यूट, भुवनेश्वरची नायसर आणि पुण्याची आयुका येथे या ना त्या अंगाने संबंधित काम चालते. झारखंडमधील जादूगुडाच्या युरेनियम खाणीत ५५५ मीटर खोलीवर भूमिगत प्रयोगशाळा असून, तिथे कृष्णद्रव्याच्या शोधाचे काम झाले आहे. भूमिगत कामाचा अनुभव देशातच घेण्याची ती जागा आहे.

या काळात बॅकग्राउंडचा, म्हणजे कृष्णद्रव्यासारख्या भासणाऱ्या इतर घटनांचा, अभ्यास स्वतंत्र विषय म्हणून करावा. कॉस्मिक किरणांमुळे खुद्द सिलिकॉनमध्ये ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) तयार होते आणि त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे असल्याने ते एकदा झाले की प्रयोग संपेपर्यंत सोबत राहते. विमानाच्या उंचीवर कॉस्मिक किरण कितीतरी पटींनी जास्त असतात, म्हणून असे डिटेक्टर विमानाऐवजी जाड कवचाच्या कंटेनरमधून जहाजाने नेतात. हवेतल्या रेडॉनपासून शिसे-२१० पृष्ठभागावर बसते. कवचासाठीच्या शिशातही ते असतेच. पण त्याचे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे असल्यामुळे शेकडो वर्षांपूर्वी गाळलेल्या शिशात ते संपलेले असते, आणि म्हणून कॅनडातल्या सडबरीजवळ दोन किलोमीटर खोलीवर चाललेल्या, सीसीडीने कृष्णद्रव्य शोधणाऱ्या डॅमिक प्रयोगात सर्वांत आतले कवच प्राचीन शिशाचे होते. याच प्रयोगाने २०२० मध्ये कमी ऊर्जेच्या काही जादा घटना जाहीर केल्या, आणि पुढे स्किपर सीसीडी बसवून घेतलेल्या मोजणीतही त्या दिसल्या. तरीही त्या गटाने कृष्णद्रव्य सापडल्याचा दावा केला नाही. अज्ञात उगमाच्या घटना एवढेच म्हटले. अशा वाक्यासाठी लागणारा संयम कसा येतो, हे ते निबंध मुळातून वाचल्यावर कळते.

अर्ज आणि मुलाखत

परदेशातल्या पोस्टडॉकच्या जाहिराती इन्स्पायर-हेप या कणभौतिकीच्या संकेतस्थळावर येतात. प्रायोगिक जागा वर्षभर निघतात, पण सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांत त्यांची संख्या जास्त असते. अमेरिकेत फर्मीलॅब व शिकागो विद्यापीठाच्या परिसरात, तर युरोपात आल्प्समधल्या मोदान या भूमिगत प्रयोगशाळेशी जोडलेल्या डॅमिक-एम (डॅमिकची पुढची आवृत्ती) प्रयोगाच्या संस्थांत हे काम चालते. नेमणूक बहुधा दोन वर्षांची असते. देशात राहायचे असल्यास दोन वर्षांची नॅशनल पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप हा एक मार्ग आहे. तिच्यासाठी यजमान संस्थेतील मार्गदर्शकाची संमती आधी मिळवावी लागते.

संशोधनाचे निवेदन लिहिताना विश्वाच्या गूढाने सुरुवात करू नये. वाचणाऱ्याने तो परिच्छेद शेकडो वेळा वाचलेला असतो. आपण कोणते नॉइज मोजले, त्याचे कारण कसे शोधले आणि ते किती कमी केले, हे पहिल्याच परिच्छेदात आकड्यांसह लिहावे. त्या गटाच्या ताज्या निबंधातला न सुटलेला एखादा प्रश्न निवडून, त्यावर आपण पहिल्या सहा महिन्यांत काय कराल, ते अर्ध्या पानात मांडावे. शिफारसपत्रे सहसा तीन लागतात. आपल्याकडे सरांना आठवण करून देण्याचा संकोच फार असतो, पण येथे तो परवडत नाही. मुदतीच्या दीड महिना आधी विनंती करावी, सोबत आपले निवेदन व केलेल्या कामाची टिपणे द्यावीत, आणि मुदतीच्या आठवडाभर आधी नम्रपणे पुन्हा लिहावे. पत्र देणाऱ्यांपैकी किमान एकाने आपल्याला प्रत्यक्ष उपकरणावर काम करताना पाहिलेले असावे.

मुलाखत बहुधा व्हिडिओवर होते आणि तिच्यात स्वतःच्या कामावर अर्ध्या तासाचे भाषण असते. इंग्रजीच्या उच्चारांची चिंता करत बसण्यापेक्षा, प्रत्येक आलेखाच्या अक्षांवर काय आहे आणि त्रुटीदर्शक रेघा कशा काढल्या, हे न अडखळता सांगता येईल याची तयारी करावी. एकही घटना दिसली नाही तर ९० टक्के विश्वासाची वरची मर्यादा किती, असा प्रश्न येऊ शकतो. पॉयसाँ वितरणानुसार बॅकग्राउंड नसल्यास ती २.३ घटना येते, आणि ती का येते हे एका ओळीत दाखवता आले पाहिजे. शेवटी आपल्यालाही प्रश्न विचारायला सांगतात. तेव्हा डिटेक्टर कोठे बनतात, वर्षातून किती काळ भूमिगत प्रयोगशाळेत राहावे लागेल, तेथील पाळ्या कशा असतात, आणि निबंधावर नावे कोणत्या क्रमाने येतात, हे चारही प्रश्न स्पष्टपणे विचारावेत व उत्तरे तिथेच लिहून घ्यावीत.